ट्रॅक्टर लोडवर का दबतो?

कोल्हापूर-सांगलीकडे ही तक्रार गळीत हंगामात येते. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन पळणारा ट्रॅक्टर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या लावल्या की कारखान्याच्या चढावर मान टाकतो. नाशिकच्या द्राक्षबागेत ब्लोअरचा आवाज उतरतो आणि फवारा पानामागे पोचत नाही. मराठवाड्यात सोयाबीनच्या मळणीत, विदर्भात मे महिन्याच्या नांगरटीत, कोकणात चिखलणीत कामं निरनिराळी असली तरी मालकाचं वाक्य एकच असतं: ‘ट्रॅक्टर ओढत नाही.’ गॅरेजमधलं उत्तरही फार वेळा ठरलेलं असतं: ‘हाफ इंजिन करावं लागेल’, म्हणजे पिस्टन-लायनर बदलावे लागतील. या दोन वाक्यांच्या मधे जी तपासणी व्हायला हवी, ती होतच नाही. मिस्त्रीला घाई असते, मालकाला त्याहून जास्त, आणि बाहेर ऊस तुटून पडलेला असतो.

या प्रश्नाबद्दलचं माझं मत आधीच सांगून टाकतो. कमी झालेल्या ताकदीचा शोध बाहेरून आत घ्यावा: आधी ओझं, मग हवा, मग डिझेल, मग पंप-नोझल आणि सगळ्यात शेवटी पिस्टन-लायनर. आपल्याकडे तो बरेचदा आतून बाहेर घेतला जातो. म्हणजे सगळ्यात महाग काम आधी होतं, आणि ते करूनही ट्रॅक्टर दबतच राहिला तर मग टाकीच्या झाकणाकडे लक्ष जातं.

मुळात ताकद इंजिनाचीच गेली आहे का, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी कान पुरतो. ओझं पडल्यावर इंजिनाचा आवाज खाली बसत असेल तर इंजिन कमी पडतंय. आवाज तसाच राहतो किंवा चढतो, पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही, असं असेल तर ताकद तयार होतेय आणि वाटेत कुठेतरी सांडतेय. अशा वेळी पहिला संशय क्लचवर घ्यावा. मोकळ्या सपाट जागेत, समोर कुणी नाही हे बघून, ब्रेक पक्के दाबायचे, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडायला हवं. ते सुरूच राहिलं तर क्लच प्लेट घसरतेय. तिच्यासाठी हेड उतरवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. ब्रेक चिकटून राहिला असेल तर थोडं अंतर चालवल्यावर एका बाजूचा ब्रेक जास्त तापतो आणि न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर मोकळा सरकत नाही.

दुसरा संशय टायरवर. शेतात मागची चाकं थोडी फिरकी घेणारच. 10 ते 15 टक्के घसर चालते, त्यापुढे गेली की डिझेल जळतं आणि नांगर जागेवर राहतो. मोजणं सोपं आहे. टायरवर खडूने खूण करायची आणि चाकाचे दहा फेरे होतात तेवढं अंतर एकदा अवजार उचलून, एकदा जमिनीत टाकून मोजायचं. दुसरं अंतर पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त कमी भरलं, तर टायर झिजले आहेत, वजन कमी आहे किंवा टायरमध्ये भरलेलं पाणी निघून गेलंय. तिसरी गोष्ट अवजाराची. 35 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला शेजाऱ्याकडचा सात फुटी रोटाव्हेटर जोडून काळ्या रानात पूर्ण खोलीवर चालवला, तर दबणारच. त्यात इंजिनाचा दोष नाही. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. अवजार फिरवणाऱ्या मागच्या पीटीओच्या शाफ्टवर त्यातले साधारण 85 ते 90 टक्के मिळतात आणि मातीत ओढताना आणखी कमी. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेत 1955 पासून कृषियंत्रांचं प्रशिक्षण होतं आणि यंत्रांची चाचणीही होते. तिथल्या ट्रॅक्टर-चाचणीच्या अहवालात पीटीओची ताकद वेगळी दिलेली असते. ट्रॅक्टर घेताना हा अहवाल मागणारे गिऱ्हाईक विरळा, आणि बॉनेटवरचा आकडा धरून पुढे तक्रार करणारे पुष्कळ.

एवढं बघून झाल्यावर इंजिनाकडे वळावं, तेही पाना हातात न घेता. पहिली तपासणी अ‍ॅक्सिलरेटरच्या दांड्याची किंवा केबलची. हातातला लिव्हर पूर्ण ओढल्यावर पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का? बहुतेक ट्रॅक्टरांचा ठरलेला वेग 2000 ते 2200 फेऱ्यांच्या आसपास असतो, आणि ओझं नसताना पूर्ण रेसवर मीटरचा काटा त्याच्या थोडा वर जायला हवा. तो खालीच अडकत असेल तर आधी दांडा, त्याची बुशिंग आणि केबल बघावी. झिजलेल्या पिनेमुळे दांडा पूर्ण हलत नाही आणि इंजिन ‘कमजोर’ ठरतं.

आता हवा. डिझेल इंजिन किती हवा खातं, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. अडीच लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन 2000 फेऱ्यांवर तासाला सव्वा लाख लिटरच्या आसपास हवा आत ओढतं. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला निदान 12 किलो हवा लागते, म्हणजे सुमारे 10 हजार लिटर. प्रत्यक्षात इंजिन त्याहून जास्त घेतं. ही सगळी हवा एअर क्लिनरच्या भांड्यातून जाते, आणि आपण ट्रॅक्टर चालवतो तो नेमका धुळीत. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचा भुसा आणि धूळ यांनी क्लिनर एका दिवसात भरतो. कंपनीच्या पुस्तकात सफाईचे तास दिलेले असतात, पण ते साध्या कामाचे. मळणीला रोज संध्याकाळी बघावं लागतं.

ऑइल बाथ क्लिनर असेल तर वाटीत तेल खुणेपर्यंतच हवं. कमी असलं तर धूळ आत जाते; जास्त असलं तर हवा अडते आणि तेलही ओढलं जातं. तेलाचा चिखल झाला की ते बदलायचं, वरून नवीन ओतायचं नाही. कोरड्या कागदी फिल्टरचे हाल वेगळे. तो टायरवर आपटून झटकतात, किंवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने जवळून जोरात हवा मारतात. कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. ट्रॅक्टर त्या दिवशी छान ओढतो आणि मालक खूश होतो. पण त्या भोकांतून जाणारी माती लायनर आणि रिंगा घासून काढते. या वर्षी वाचवलेले फिल्टरचे पैसे दोन-तीन हंगामांनी हाफ इंजिनच्या बिलात व्याजासह द्यावे लागतात. क्लिनरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या रबरी होजला चीर गेली असेल तरीही हेच होतं, आणि ती चीर क्लिपखाली लपलेली असते.

हवेच्या बाबतीत निसर्गही हात आखडता घेतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला 20 अंशांच्या थंडीत जेवढी हवा मिळते, त्यापेक्षा 45 अंशांच्या विदर्भातल्या दुपारी वजनाने सुमारे 8 टक्के कमी मिळते. महाबळेश्वरच्या उंचीवर ती समुद्रसपाटीपेक्षा 12 टक्क्यांच्या आसपास विरळ असते. त्यामुळे मे महिन्यात दुपारी थोडा दबणारा ट्रॅक्टर पहाटे बरा चालत असेल, तर तो बिघाड नाही.

डिझेल हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे आणि इथेच सगळ्यात स्वस्त दोष सापडतात. ओळखीचं लक्षण असं: ट्रॅक्टर चालू होतो, रिकामा बरा पळतो, अर्धा-पाऊण तास काम केल्यावर दबायला लागतो, कधी बंद पडतो. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा नीट. हे लक्षण दिसलं की आधी टाकीचं झाकण सैल करून चालवून बघावं. झाकणाच्या बारीक भोकात चिखल किंवा रंग बसला, की डिझेल जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि प्रवाह तुटतो. मूळ झाकण हरवल्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि दोरी बांधून चालवणारे तर आपणहून हा दोष तयार करतात. झाकणानंतर टाकीचा कॉक, त्याची जाळी, मग फीड पंपाची जाळी, मग दोन्ही फिल्टर. यात कुठेही गाळ असेल तर रिकामं चालायला पुरेल एवढं डिझेल जातं आणि ओझ्याला लागेल तेवढं जात नाही. ‘रिकामा पळतो, भरलेला दबतो’ याचा अर्थ बरेचदा इतकाच असतो.

गाळ येतो कुठून? पेट्रोल पंपावर प्रत्येक वेळी ट्रॅक्टर नेणं परवडत नाही म्हणून शेतावर बॅरल ठेवतात. अर्ध्या रिकाम्या बॅरलमध्ये रात्री दव धरतं आणि पाणी तळाला साठतं. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि शेवाळासारखा चिकट काळा गाळ तयार होतो. बॅरल हलवून लगेच नळीने डिझेल काढलं की तो सगळा ट्रॅक्टरच्या टाकीत जातो. बॅरल थोडं तिरकं ठेवावं, तळापासून चार बोटं वरूनच उपसावं आणि ओतताना बारीक जाळी लावावी. स्वस्तात मिळणारं ‘डिझेलसारखं’ तेल हा आणखी एक धंदा आहे. त्याबद्दल एवढंच सांगेन की पंप आणि नोझल यांना वंगण डिझेलचंच मिळतं. भेसळीत वाचलेले रुपये पंप दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर जातात.

गाळाइतकाच त्रास हवेचा. गावच्या भाषेत ‘ट्रॅक्टर एअर घेतोय’. नळीच्या जोडातलं तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं वॉशर बसकं झालं, फिल्टरची रबरी रिंग वाकडी बसली, फीड पंपाच्या आधीची नळी चिरली, की बाहेर डिझेल गळत नाही पण आत हवा शिरते. टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच त्रास होत असेल तर हा संशय घट्ट होतो. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत मारत राहायचं. बुडबुडे थांबतच नसतील तर हवा अजून आत येतेय. स्क्रू आवळून पुढे जाण्यात अर्थ नाही, आधी ती जागा शोधावी. रोज सकाळी एअर काढून कामाला जाणारे चालक प्रत्येक गावात सापडतील. ते दुखणं बरं करत नाहीत, फक्त दिवस ढकलतात.

धुराकडे सगळेच बघतात आणि त्यातून भलते निष्कर्षही काढतात. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त: क्लिनर तुंबलेला, ओझं जादा, नोझल धार सोडतंय किंवा पंप वाढवलेला. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला आला तर चिंता नको. इंजिन तापल्यावरही राहिला तर डिझेल अर्धवट जळतंय किंवा पाणी आत शिरतंय. यापुढचं कमी लोकांच्या लक्षात येतं. ताकद कमी आणि धूर मात्र जवळजवळ नाहीच, असा ट्रॅक्टर असेल तर त्याला डिझेल पोचत नाहीये. त्याचे पिस्टन बघायची गरज नाही, जाळ्या बघा.

आता पंप आणि नोझल. यांत्रिक पंपाच्या इंजिनांत नोझल साधारण 200 बारच्या आसपास उघडतं आणि डिझेलचा धुक्यासारखा फवारा करतं. तो फवारा धारेसारखा झाला की जळण अर्धवट होतं, काळा धूर वाढतो आणि पिस्टनच्या डोक्यावर भोक पडेपर्यंत मजल जाऊ शकते. कोणतं सिलिंडर कमी काम करतंय हे शोधायची जुनी रीत म्हणजे इंजिन हळू चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करून बघणं. ज्याचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही, ते सिलिंडर आधीपासूनच आळशी. ही रीत फक्त यांत्रिक पंपाच्या इंजिनापुरती, आणि तीही माहितगारानेच करावी; दाबाचा फवारा कातडीतून आत जातो.

पण पंपाच्या बाबतीत खरा वाद आहे तो ‘पंप वाढवण्याचा’. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांत हे सर्रास चालतं. पंपाचं सील तोडून डिझेलचा स्क्रू वाढवला की ट्रॅक्टर दोन दिवस वाघासारखा ओढतो. समर्थन करणाऱ्यांचं म्हणणं असं की कंपन्या हात राखून पंप बांधतात, म्हणून थोडं वाढवण्यात गैर नाही. मला ते पटत नाही. हवा तेवढीच असताना डिझेल वाढवलं तर जादा डिझेलातलं बरंचसं धूर होऊन जातं. उरलेलं लायनरवरचं तेल धुतं, सायलेन्सर आणि पिस्टनचं डोकं तापवतं आणि ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. त्याहून वाईट म्हणजे मूळ दोष झाकला जातो. क्लिनर तुंबल्यामुळे दबलेला ट्रॅक्टर पंप वाढवून ‘बरा’ केला, तर तुंबलेला क्लिनर तसाच राहतो आणि इंजिनाला दुहेरी मार बसतो. पंप खरोखर कमी देतोय अशी शंका असेल, तर तो काढून टेस्ट बेंचवर चढवावा, प्रत्येक सिलिंडरचं डिझेल मोजावं आणि कंपनीच्या आकड्यावर आणावं. बेंचवर मोजून लावलेला पंप आणि कानाने वाढवलेला पंप यांत तपासून दिलेलं औषध आणि अंदाजाने दिलेलं औषध यांच्याइतकंच अंतर आहे. पंप पुन्हा बसवताना टायमिंग चुकलं तरी ताकद जाते. पंपाचं काम ‘झाल्यापासून’ ट्रॅक्टर दबतो अशी तक्रार असेल तर आधी टायमिंगची खूण तपासावी.

सायलेन्सर, रेडिएटर आणि व्हॉल्व्ह यांबद्दल थोडक्यात. महिनाभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशी मातीचं घर बांधते किंवा चिमण्या काड्या टाकतात. काजळी साठून तो आतून अरुंदही होतो. धूर बाहेर पडायला वाट नसेल तर नवी हवा आत येणार कुठून? रेडिएटरच्या जाळीत भुसा बसला की इंजिन तापतं आणि तापलेलं इंजिन दबतं. टॅपेट सेटिंगकडे तर हजारो तास कुणी बघत नाही. फट बंद झाली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो, आणि फीलर गेजच्या कामाला लोक ‘इंजिन गेलं’ म्हणतात.

हे सगळं ठीक असेल तरच कॉम्प्रेशनवर यावं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-अठरा पट दाबून तापवली जाते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. रिंगा आणि लायनर झिजले की दाब निसटतो. सकाळी चालू व्हायला त्रास, ब्रीदरच्या नळीतून धुराचे फुत्कार, ऑइलची भूक, निळा धूर ही लक्षणं एकत्र दिसली तर हाफ इंजिनचा निर्णय योग्यच. पण तेव्हाही आधी गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. एकच सिलिंडर कमी आणि बाकीची चांगली, तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा असू शकतो आणि काम हेडपुरतं आटोपतं. तेलाचे थोडे थेंब सिलिंडरमध्ये टाकून पुन्हा मोजलं आणि दाब वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह. ही तपासणी तासा-दोन तासांची. ती न करता सगळे लायनर-पिस्टन बदलणाऱ्या मिस्त्रीला मी दोष देणार नाही, कारण त्याच्याकडे गेज नसतो आणि मालक तपासणीचे पैसे देत नाही. सुट्या भागांचं बिल मुकाट्याने भरणारा माणूस मोजणीच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतो.

नव्या ट्रॅक्टरांनी या शहाणपणाचा काही भाग जुना केला आहे. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि त्या वर्गात कॉमन रेल इंजिनं आली. त्यांत डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. नट सैल करून बघण्याची रीत इथे जिवावर बेतेल. सेन्सरला काही चुकीचं दिसलं की संगणक स्वतःहून ताकद कमी करतो आणि मीटरवर दिवा लावतो. इथे कान चालत नाही, स्कॅनर लागतो, आणि तो अजून बहुतेक ठिकाणी कंपनीच्या माणसाकडेच आहे. गावातला मिस्त्री या ट्रॅक्टरांपासून लांब पडत चाललाय, ही मला बिघाडापेक्षा मोठी अडचण वाटते. पण या इंजिनांतही बॅरलमधलं पाणी, तुंबलेला क्लिनर आणि फाटलेली होज हे दोष तसेच आहेत. वॉटर सेपरेटरचा दिवा लागल्यावर फक्त खालचा स्क्रू सोडून पाणी काढायचं असतं.

आपल्याकडे कशाची उणीव आहे म्हणाल तर मोजणाऱ्या यंत्राची. पीटीओला जोडून ट्रॅक्टरची ताकद सांगणारा डायनमोमीटर हे काही नवं यंत्र नाही. चाचणी केंद्रांत ते वर्षानुवर्षं वापरलं जातं. साखर कारखाने शेकडो ट्रॅक्टर कराराने लावतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे कृषी विद्यापीठं आहेत. गावोगावी अवजार बँका झाल्या आहेत. यातल्या प्रत्येकाने तालुक्यापुरता एक डायनमोमीटर हंगामाच्या आधी महिनाभर उभा केला आणि शंभर-दोनशे रुपयांत मोजून लेखी आकडा दिला, तर ‘ओढत नाही’ या तक्रारीतला निम्मा वाद तिथेच मिटेल. तोवर शेतकऱ्यांना एकच विनंती: हेड उतरवायला होकार देण्याआधी मिस्त्रीकडून तीन आकडे कागदावर मागा. पूर्ण रेसला इंजिनाच्या फेऱ्या किती, प्रत्येक नोझल किती दाबाला उघडतं आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती. आणि ते मोजण्याची मजुरी त्याला न कुरकुरता द्या.